रोजच्या वापरासाठी वाफेचे उपकरण : समितीच्या सचिवाचे टिपण

माणसाला जी गोष्ट सोडवत नाही, तिचा तो अभ्यास करू लागतो. अभ्यास सुरू असेपर्यंत ती सोडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण अभ्यासाचा विषयच नाहीसा झाला तर अभ्यास कशाचा करणार? जगातल्या बऱ्याच समित्या या भक्कम पायावर उभ्या आहेत. आमचीही होती.

समितीची स्थापना रियाधच्या मलझ भागात, आमच्या इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाक्या आणि डिश अँटेना यांच्या मधल्या जागेत झाली. अध्यक्ष राजाभाऊ. ते एका बँकेत जोखीम विभागाचे प्रमुख आहेत, वय बावन्न, रोजच्या सिगारेटी अकरा. सदस्य यूनुस, मूळचा दाभोळचा, बथा बाजारात त्याचं प्रवासी बॅगांचं दुकान आहे, सिगारेटी चौदा. आणि सचिव म्हणून मी, गिरीश. राजाभाऊंच्याच बँकेत संगणक विभागात असतो आणि त्यांच्या खालच्या मजल्यावर राहतो. (माझा आकडा या टिपणाच्या कक्षेबाहेर आहे.)

निमित्त असं झालं की इमारतीची लिफ्ट बंद पडली आणि राजाभाऊ चार मजले चढून घरी निघाले. तिसऱ्या मजल्यावर ते पायरीवर बसले आणि पंधरा मिनिटं उठलेच नाहीत. मुग्धावहिनी त्यांना शोधत खाली आल्या. वहिनी इथल्या भारतीय शाळेत गणित शिकवतात, बोलणं मोजकं.

"आता सोडा," त्या म्हणाल्या.

"सोडतो," राजाभाऊ म्हणाले. "पण नीट, पद्धतशीर सोडतो."

ते वाक्य मी तिथेच उभा राहून ऐकलं. त्यातला 'सोडतो' गळून पडायला आठवडा लागला, 'पद्धतशीर' मात्र आजही टिकून आहे.

पहिल्याच बैठकीत ठरलं की सिगारेटीवरून एकदम शून्यावर जाणं बेजबाबदारपणाचं आहे. मध्ये एक टप्पा हवा आणि तो टप्पा म्हणजे वाफेचं छोटं उपकरण. मात्र कुठलंही उपकरण उचलून तोंडाला लावणं हे जोखीम विभागाच्या प्रमुखाला शोभणारं नाही. तेव्हा प्रौढ व्यक्तीच्या रोजच्या वापरासाठी ते कितपत योग्य आहे, याचं तीस दिवस मूल्यमापन करायचं आणि मगच निर्णय घ्यायचा.

खरेदीसाठी आम्ही तिघं गेलो तेव्हा दुकान रात्रीच्या, इशाच्या नमाजासाठी बंद होतं. आम्ही फूटपाथवर थांबलो आणि प्रत्येकी दोन ओढल्या. (मूल्यमापन अजून सुरू झालेलं नसल्यामुळे या सहा सिगारेटी हिशेबात धरलेल्या नाहीत.) दुकान उघडल्यावर हैदराबादच्या विक्रेत्याने काचेवर सात-आठ उपकरणं मांडली. राजाभाऊंनी चष्मा वर सरकवून एकेक पाहिलं.

"इसकी लाइफ कितनी है?" त्यांनी विचारलं.

"किसकी, सर?" विक्रेता म्हणाला.

त्याने ते अगदी निरागसपणे विचारलं होतं. तरीही राजाभाऊ घाईघाईने बॅटरीबद्दल बोलू लागले.

निवडलेलं उपकरण तपकिरीच्या डबीएवढं होतं. राखाडी, गुळगुळीत, एका बाजूला हिरवा दिवा. तिघांसाठी एकेक घेतलं. निकष दहा ठरले, प्रत्येकी पाच गुण. मुठीत मावतं का. कपड्यांना वास राहतो का. गाडी चालवताना एका हाताने जमतं का. सासरची माणसं व्हिडिओ कॉलवर असताना लक्षात येतं का. आणि असेच आणखी सहा. 'सिगारेट सुटते का' हा निकष मी सुचवला होता. अध्यक्षांनी तो 'परिणाम' या सदरात टाकला, आणि ते सदर अंतिम अहवालात यायचं होतं.

चवीचा प्रश्न आंब्यावर सुटला, पण दाभोळच्या माणसाला आंबा देणं सोपं नसतं. यूनुसने पहिलाच झुरका घेतला आणि उपकरण हातभर लांब धरलं. "हा आंबा नाही," तो म्हणाला. "पेटी आल्यावर आतलं गवत राहतं ना, ते आहे हे." समितीने त्याचं मत नोंदवून घेतलं आणि चवीला तीन गुण दिले.

सहाव्या दिवशी बँकेच्या दारावरच्या सुरक्षारक्षकाने राजाभाऊंच्या खिशातून ते जप्त केलं. त्याला तो विनापरवाना आणलेला पेनड्राइव्ह वाटला. असल्या प्रकरणांची चौकशी संगणक विभागाकडे, म्हणजे माझ्याकडे येते. मी लेखी अभिप्राय दिला की सदर वस्तूत बँकेची कोणतीही माहिती साठवलेली नसून फक्त आंबा आहे. उपकरण परत मिळालं, फाइल बंद झाली. 'दिसायला निरुपद्रवी' या निकषाचे दोन गुण मात्र गेले.

आता पद्धतीविषयी थोडं सांगणं भाग आहे, कारण पुढे गैरसमज तिथेच झाला. नव्या गोष्टीची जुनीशी तुलना करायची तर जुनी चालू ठेवावी लागते. त्यामुळे मूल्यमापनाच्या काळात सिगारेटी बंद करणं शास्त्राला धरून झालं नसतं. शिवाय तुलना ताजी हवी, म्हणून प्रत्येक सत्राच्या आधी एक सिगारेट आणि नंतर एक, असा शिरस्ता पडला. पंधराव्या दिवशी मी अंतरिम अहवाल तयार केला. अध्यक्षांच्या सिगारेटी रोज अकरावरून तेरावर गेल्या होत्या. उपकरणाचे झुरके रोज सरासरी एकशे नव्वद. समाधान पाचपैकी तीन पूर्णांक आठ. धूम्रपानातली घट शून्य टक्के, घटीच्या आवश्यकतेबद्दलची जाणीव मात्र ऐंशी टक्क्यांनी वाढलेली.

अहवाल तेवीस पानी झाला. राजाभाऊंनी तो जेवणाच्या टेबलावर वहिनींसमोर ठेवला, मुलगा प्रगतिपुस्तक ठेवतो तसा. मीही तिथे होतो. वहिनींनी तो पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला आणि आलेखापाशी थांबल्या.

"यात उतार कुठे आहे?"

"कसला उतार?"

"खाली जाणारा."

"तो पुढच्या तिमाहीत अपेक्षित आहे," राजाभाऊ म्हणाले.

वहिनींनी अहवाल मिटला. "मीपण एक मोजते," त्या म्हणाल्या. "तुम्ही सकाळी बाथरूममध्ये खोकता ना, ते. या महिन्याच्या एक तारखेला नऊ वेळा. आज सतरा."

राजाभाऊ पाण्याच्या पेल्याशी चाळा करत बसले. पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात मी लिहिलं की घरगुती स्रोतातून काही आकडे प्राप्त झाले आहेत, परंतु मोजणीची पद्धत प्रमाणित नसल्याने ते विचारात घेता येत नाहीत. अध्यक्षांनी सही केली. सही करताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

एकोणिसाव्या दिवसापासून यूनुस यायचा थांबला. रजेचा अर्ज नाही, काही नाही. दहा-बारा दिवसांनी एका गुरुवारी संध्याकाळी तो गच्चीवर उगवला, चेहरा ओढलेला, हातात बडीशेपची पुडी.

"हफीजा आलीय दाभोळहून," तो म्हणाला. हफीजा म्हणजे त्याची बायको, तीन महिन्यांच्या व्हिसावर आली होती. "आल्या आल्या कपाट उघडलं, शर्ट हुंगला. म्हणाली, आधी निदान एकच वास होता."

"मग?"

"मग काय. पाकीट आणि ते गवत, दोन्ही कचऱ्यात टाकलं. खलास."

राजाभाऊ पुढे सरकले. "म्हणजे सुटली? कशी सोडलीस?"

"ओढली नाही."

"ते झालं रे. पण पद्धत काय?"

"हीच."

त्याचे पहिले चार दिवस फार वाईट गेले होते, तेही त्याने सांगितलं. एका गिऱ्हाइकाला भलत्याच बॅगेच्या किल्ल्या दिल्या आणि तो माणूस त्या घेऊन केरळला पोचला. घरमालकाशी विनाकारण भांडण झालं, हफीजाशी सकारण. पाचव्या दिवशी त्याला सकाळी चहाला चव असल्याचं जाणवलं आणि तो दुसरा कप मागून प्यायला. हे सांगताना तो हसला. मला त्याचा थोडा राग आला.

तो खाली गेल्यावर आम्ही दोघांनी प्रकरणाची शहानिशा केली. या सदस्याने कुठलंही कोष्टक ठेवलेलं नव्हतं, टप्पे पाळलेले नव्हते आणि निर्णय घरच्या दबावाखाली घेतला होता. असला निकाल बाकीच्या आकड्यांत मिसळला तर सरासरी बिघडते. तेव्हा तो अपवाद म्हणून वगळण्यात आला, आणि उरलेल्या दोन सदस्यांत शंभर टक्के सातत्य आढळल्यामुळे मूल्यमापनाला नव्वद दिवसांची मुदतवाढ देण्यात आली.

मुदतवाढीच्या दुसऱ्या महिन्यात धुळीचं वादळ आलं. सकाळी दहालाच आकाश विटकरी झालं. बँकेचं पार्किंग ते दार हे अंतर दोनशे पावलांचं, मी आणि राजाभाऊ रुमाल धरून चालत होतो. निम्म्यात ते थांबले. मला वाटलं डोळ्यांत काही गेलं. मग ते सावकाश फूटपाथच्या कडेवर बसले आणि तोंड उघडून हवा घेऊ लागले, पण हवा आत जात नव्हती. ओठ निळसर झाले. त्यांनी माझं मनगट पकडलं, इतकं घट्ट की नंतर दोन दिवस वळ होते. दुसऱ्या मुठीत ते राखाडी उपकरण होतं, हिरवा दिवा लागलेलं. ज्या रक्षकाने ते जप्त केलं होतं तोच धावत आला, त्याने आपल्या डोक्यावरचा रुमाल सोडून त्यांच्या चेहऱ्यासमोर धरला आणि रुग्णवाहिका येईपर्यंत तसाच उभा राहिला, स्वतः डोळे मिटून.

हॉस्पिटलात सुदानी डॉक्टर होते, शांत आवाजाचे. त्यांनी दिवसाला किती, म्हणून विचारलं. राजाभाऊंनी मास्कच्या आतून दोन आकडे सांगितले.

"दोन्ही?" डॉक्टरांनी विचारलं.

"तुलनेसाठी," राजाभाऊ म्हणाले.

डॉक्टरांनी तेही लिहून घेतलं. फुप्फुसं वयापेक्षा वीस वर्षांनी पुढे गेली होती. परत आणता येणार नव्हती, फक्त तिथेच थांबवता येणार होती, आणि तेही आजपासूनच.

वहिनी शाळेतून थेट आल्या, हाताला खडूची पूड. त्या खुर्ची ओढून बसल्या, पर्समधून घड्याळ काढलं आणि नवऱ्याच्या छातीकडे बघत श्वास मोजू लागल्या. मिनिटाला अठ्ठावीस. पुन्हा मोजले. सव्वीस. पुन्हा. मला ते बघवेना म्हणून मी बाहेर गेलो आणि एक ओढली. (ही भावनिक कारणाने ओढलेल्या गटात मोडते. त्याचं कोष्टक वेगळं आहे.)

परत आलो तेव्हा नर्सने इनहेलर आणून दिलं होतं. राजाभाऊंनी ते उचललं, फिरवून पाहिलं, मुठीत धरलं. सवय जात नाही.

"मुठीत मावतं," ते बारीक आवाजात म्हणाले. "वासही नाही. एका हाताने जमतं."

वहिनी हसल्या. राजाभाऊही हसले, खोकले. वहिनींचं हसणं मात्र थांबेना, आणि काही वेळाने लक्षात आलं की ते आता हसणं राहिलेलं नाही. राजाभाऊंनी त्यांच्या खडूच्या हातावर हात ठेवला.

"मला फार भीती वाटली गं," ते म्हणाले. "लिफ्टच्या दिवसापासून वाटते. म्हणून तर एवढं सगळं मांडून बसलो."

मग त्यांनी उशाखालून उपकरण काढून वहिनींपुढे धरलं. वहिनींनी घेतलं नाही. डोळे पुसून त्या म्हणाल्या, "ते गिरीशभावजींना द्या. सचिव आहेत ते."

त्याला आज सात महिने झाले. राजाभाऊंनी तेव्हापासून एकही ओढलेली नाही. पहिले दोन आठवडे यूनुस रोज दुकान बंद करून त्यांच्याकडे जाऊन बसायचा, दोघं बडीशेप चघळत एकमेकांवर चिडायचे. खोकल्याचा आकडा तीनवर आला आहे, असं घरगुती स्रोतातून समजतं. जिना त्यांना अजून जड जातो आणि तो तसाच राहील.

समितीची गणसंख्या एकवर आणण्यात आली आहे आणि काम पूर्वीपेक्षा वेगाने चालतं. ठेव म्हणून आलेलं उपकरण चालू स्थितीत राहावं यासाठी मी ते दिवसातून काही वेळा वापरतो. माझ्या बाबतीत घाई करण्याचं कारण नाही. मला धाप लागत नाही, माझं प्रमाण बेताचं आहे आणि मनात आणलं तर मी उद्याही थांबू शकतो, म्हणूनच थांबलेलो नाही.

अंतिम अहवाल यथावकाश प्रसिद्ध होईल. तोवर इच्छुकांसाठी अर्जाचा नमुना माझ्याकडे उपलब्ध आहे. त्यात धूम्रपानाचा उल्लेख नाही, विषयाची जागा कोरी ठेवली आहे. ज्याने त्याने आपला भरावा. हे वाचताना आपल्या मनात येऊन गेलेली गोष्ट भरली तरी चालेल. आणि आपली केस जरा वेगळी आहे असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी वेगळा नमुना छापलेला नाही. आजवर सगळ्यांनी हाच भरला आहे.