परसाकडंला काळं होत न्हाई न्हवं?

"मास्तर, परसाकडंला काळं होत न्हाई न्हवं?"

हा प्रश्न आमचे शेजारी बापू सुभेदार उंब्रजच्या स्टँडवर, चार माणसांत, खणखणीत आवाजात विचारत. राम राम नंतर.

लष्कराच्या दवाखान्यात नोकरी करून बापू निवृत्त झाले आणि गल्लीची ड्यूटी त्यांनी आपणहून लावून घेतली. दर रविवारी घराघरांत शिरायचं आणि औषधांचा डबा मागायचा. तो प्रत्येक घरात असतोच, बिस्किटांचा, पत्र्याचा. कपाळावरचा चष्मा खाली ओढून बापू पाकिटांवरच्या तारखा वाचत आणि मुदत संपलेलं सगळं खिशात घालत. खाजेचं मलम सापडलं की आवाज चढायचा.

"ही एकच टूब सगळं घर लावतंय? टूथपेस्ट हाय व्हय? आवं, ह्यात स्टिरॉइड हाय! खाज तेवढी थांबती, नायटा वाढतच राहतो. कातडं पातळ हुतंय ते येगळंच. डाक्टरला दावा आधी."

आमच्या हिनं ती ट्यूब तांदळाच्या डब्यात लपवली. बापूंनी तांदळाचा डबाही उघडला! हसून हसून आमची मुरकुंडी वळायची.

माझी कंबर धरली होती. मेडिकलवाल्याकडून दुखण्यावरच्या सुट्या गोळ्या आणायच्या, उपाशीपोटी घ्यायच्या, छातीत जळजळलं की वर गुलाबी औषध प्यायचं, असं माझं महिनाभर चाललं होतं. बापूंना त्याचा पत्ता लागला आणि इस्लामपूरला माझ्या पुतणीच्या लग्नात, भर पंगतीत, जिलेबी वाढणं चालू असताना ते ओरडले, "मास्तर, त्या गोळ्या बंद केल्या का? काळं होत न्हाई न्हवं?"

व्याह्यांचा घास हातातच राहिला. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "बापू, स्वतःच्या घरात विचारायला कुणी उरलं नाही, म्हणून आमच्या डब्यांत नाक खुपसता काय? माझ्या दारात पाऊल टाकू नका."

बापूंच्या बायकोला, आमच्या काकींना, जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. बापूंनी जिलेबी पानात ठेवली आणि उठले. त्या रविवारी ते आले नाहीत. पुढच्याही नाही. मला लाज वाटत होती, पण ताठा काही सुटेना, आणि गोळ्याही सुटेनात.

आणि एके सकाळी काळं झालं. डांबरासारखं. घेरी आली. हिला सांगायचं धाडस होईना. भिंत धरत धरत बापूंच्या दारात गेलो आणि म्हणालो, "व्हय बापू."

त्यांनी लगेच रिक्षा बोलावली आणि मला कराडला नेलं. गोळ्यांनी पोटात जखम होऊन रक्त जात होतं. वेळेत आलात, असं डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बापू खाटेशेजारी बसले होते. मी म्हणालो, "बापू, चुकलो. पंगतीत नको ते बोललो."

"बराबर बोललासा," बापू म्हणाले. "तिच्या गुडघ्याच्या गोळ्या मीच द्यायचो, मास्तर. जळजळतंय म्हणायची, तर वर शिरप द्यायचो. आसंच रक्त गेलं तिचं. सगळ्या पलटणीला इचारलं मी काळं हुतंय का म्हणून. बायकूला कसं इचारायचं? लाज वाटली. तिलाबी सांगायची लाज वाटली."

पुढं मी घरी आलो, हिंडूफिरू लागलो. बापू आता पुन्हा रविवारी गल्लीभर फिरतात, सगळ्यांना तोच प्रश्न विचारतात. माझ्या दारात मात्र पाऊल टाकत नाहीत. हिनं दोनदा हात जोडले, तरी हसून पुढं गेले.

म्हणून रविवारी मीच डबा घेऊन त्यांच्याकडं जातो. ते चष्मा ओढतात, तारखा वाचतात, डबा परत देतात. प्रश्न विचारत नाहीत.

मी उंबऱ्यात थांबतो आणि गल्लीला ऐकू जाईल असं ओरडतो, "बापू, काळं होत न्हाई!"