चादरीतला पासवर्ड

बायकोनंही पाहू नये म्हणून डोक्यावर चादर घेऊन कॉम्प्युटरपुढे बसलेला माणूस तुम्ही कधी पाहिलाय का? या गोष्टीतले हेडक्लार्क भर दुपारी तसे बसले होते.

कारणही तसंच होतं. बायकोचा पाय प्लॅस्टरमध्ये, घरात दुसरं कुणी नाही. म्हणून साहेबांनी त्यांना घरच्या कॉम्प्युटरवरून ऑफिसचा कॉम्प्युटर चालवायची परवानगी दिली होती. म्हणजे कॉम्प्युटर तिकडे ऑफिसात टेबलावर आणि चालवणारे इकडे. अट एकच. "जोडणी झाल्या झाल्या पासवर्ड बदला. फुटला, की दुसऱ्या दिवसापासून ऑफिसात यायचं!"

"अहो, गुदमराल," पलंगावरून बायको म्हणाली.

"तू भिंतीकडे तोंड कर."

"या पायासकट?"

"मग डोळे मीट."

तिनं मिटले. (संसारात तिला ती सवय होतीच.)

पासवर्ड त्यांनी आधीच योजून ठेवला होता : 'साहेबांचंटक्कलचमकतं१'. विसरायची भीतीच नाही, रोज समोर दिसणारी गोष्ट! पण तो टाकायचा दोनदा, आणि अक्षरांच्या जागी नुसते ठिपके. काही केल्या जुळेना. चादरीत घाम फुटला, चष्म्यावर वाफ धरली. शेवटी त्यांनी शक्कल लढवली. एक कोरं पान उघडलं, त्यावर पासवर्ड चांगला ठळक, मोठ्या अक्षरांत लिहिला (चष्म्याची वाफ!), तिथून उचलून दोन्हीकडे चिकटवला. जुळला!

तेवढ्यात फोन वाजला. ऑफिसातली टायपिस्ट.

"काका, आधी ते पान बंद करा!"

"कुठलं पान? मी तर घरी चादरीत आहे."

"तुम्ही चादरीत असाल हो, पान इथं तुमच्या टेबलावर उघडलंय! स्क्रीन चालू आहे. सगळे जमलेत."

हेडक्लार्कांनी हळूच विचारलं, "साहेब?"

"माझ्या मागेच उभे आहेत."

फोन साहेबांच्या हातात गेला. "पासवर्ड कुणाला सुचणार नाही असा हवा. हा तर अख्ख्या ऑफिसला केव्हाच सुचलाय."

फोन बंद झाला. हेडक्लार्कांनी चादर काढून घडी घातली.

"अहो, उघडू का डोळे?"

"उघड. आणि तुझ्या आईला बोलावून घे."

दुसऱ्या दिवशी सकाळी हेडक्लार्क घर सासूबाईंच्या हाती सोपवून ऑफिसात गेले. साहेबांनी स्वतः नवा पासवर्ड घातला, आणि तो फुटू नये म्हणून हेडक्लार्कांना सांगितला नाही.