एका मनगटावर दोन घड्याळं

घड्याळात सेल टाकायला कितीसा वेळ लागतो? दहा मिनिटं. असं मी बायकोला म्हणालो तो सोमवार होता, आणि त्या दहा मिनिटांतून मी रविवारी दुपारी पावणेतीनला सुटलो. (तेही स्वतःहून नाही. मला सोडवावं लागलं.)

झालं असं की रेणापूरहून माझ्या सासऱ्यांचा फोन आला. आमचे रामकिशनमामा म्हणजे एसटीतून रिटायर झालेले वाहतूक नियंत्रक. चौतीस वर्षं स्टँडवरच्या केबिनमध्ये बसून त्यांनी गाड्या सोडल्या. अजूनही घरातलं कोणी भाजी आणायला निघालं तरी ते आधी घड्याळ बघतात. फोन पंचशीलानं, म्हणजे माझ्या बायकोनं, घेतला. हात कणकेचे होते म्हणून स्पीकरवर टाकला.

"पंचे, आपल्या लुंबिनीला नौकरी लागली. नातीला काय तरी द्यावं म्हणून राहिलो. घडीच देतो. जावईबापूला लग्नात दिलती ना, तसलीच. ती चालू हाय ना?"

"हाव बाबा. रोज घालतात की."

"चोवीस वर्षं झाली की गं!"

"एक दिवस बंद न्हाई बाबा."

"मग रविवारी येतो. लातूरहून लुंबिनीला घेऊनच येतो. आधी जावयाच्या हातातली घडी बघतो, अन् मग तसलीच घेऊ नांदेडातून."

फोन बंद झाला. कणीक मळायची थांबली. मी पेपर तोंडासमोर धरला. ते घड्याळ गेली नऊ वर्षं कपाटात, लग्नाच्या अल्बमखाली, सात वाजून बारा मिनिटांवर गप्प पडून होतं.

माझ्या बायकोच्या नावातच पाच शीलं आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, एरवी खडूसुद्धा शाळेचा घरी आणत नाही. पण त्यातलं चौथं शील, खोटं न बोलण्याचं, तिनं बापासाठी नऊ वर्षं बाजूला ठेवलं होतं. त्याला कारण होतं. लग्नाच्या मंडपात मामांनी ते घड्याळ स्वतःच्या हातानं माझ्या मनगटावर बांधलं होतं आणि भरल्या डोळ्यांनी म्हणाले होते, "जावईबापू, घडी देतो अन् लेक देतो. दोघींकडं ध्यान ठेवा." आता एक बंद पडलेली दिसली, तर दुसरीबद्दल म्हातारा काय समजेल?

"उद्याच्या उद्या सेल टाकून आणा," पंचशीला म्हणाली.

"आणा कशाला? मीच टाकतो. दहा मिनिटांचं काम." मी तीन व्हिडिओ बघितले होते. तीन व्हिडिओ बघितलेल्या माणसाला कोणीच अडवू शकत नाही.

मागचं झाकण उघडायला भाजीची सुरी घेतली. सुरीचं टोक गेलं. उलथनं घेतलं, ते वाकलं. मग मी आणि उलथनं दोघांनी मिळून जोर लावला तेव्हा झाकण असं उडालं की ते अर्ध्या तासानं पोह्यांच्या डब्यामागे सापडलं. आत जुन्या सेलनं हिरवी बुरशी ओकून ठेवली होती. कापसाच्या बोळ्याला लिंबू लावून, श्वास रोखून, मी ती पुसली. नवा सेल बसवला. काही नाही. उलटा करून बसवला. आणि सेकंद काटा हलला!

काय सांगू तुम्हाला! टिक. टिक. टिक. नऊ वर्षांनी! मी इतक्या जोरात ओरडलो की शेजारच्या उमादेवीताई दारात येऊन विचारायला लागल्या, "बाळ झालं का कोणाला?" मी त्यांना काटा दाखवला. त्या काट्याकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे बघत राहिल्या आणि घरी गेल्या. झाकण परत बसेना म्हणून मी घड्याळ मऊ फडक्यात गुंडाळून पोळपाटाखाली ठेवलं आणि पोळपाटावर स्वतः बसलो. कट्ट! बसलं. (माझ्या वजनाचा घरात झालेला हा पहिला उपयोग.)

मोठ्या ऐटीत मी घड्याळ डाव्या मनगटावर बांधलं. तिथे आधीच एक घड्याळ होतं.

ते लुंबिनीचं. आमच्या लेकीनं पहिल्या पगारातून बापाला स्मार्टवॉच घेतलं. काळी काच, चकचकीत जाळीदार पट्टा, बक्कल नाही, काही नाही. टोक पट्ट्याला टेकवलं की टप्पकन चिकटतं. ते माझी पावलं मोजतं, झोप मोजतं, ठोके मोजतं आणि सगळं लातूरला तिच्या मोबाइलवर कळवतं. आजवर माझ्यावर इतकं लक्ष कोणत्याच साहेबानं ठेवलेलं नाही. काढून ठेवलं की दहा मिनिटांत फोन येतो, "पप्पा, ठोके दिसत न्हाईत!" एकदा ते उजव्या हातात घालून बघितलं, तर जेवण झाल्या झाल्या फोन. "पप्पा, जेवताना नऊशे पावलं? चालत चालत जेवता का?" भाकरी चुरून वरणात कालवली होती, एवढंच. तेव्हापासून ते डाव्या हातातच. आता लेकीनं दिलेलं काढता येत नाही आणि सासऱ्यानं दिलेलं तर काढायची सोयच नाही. म्हणून दोन्ही शेजारी शेजारी.

मंगळवारी मुदखेडला कचेरीत पोचलो (मी तिथे कारकून आहे; कचेरी पावणेदहाची, मी अकराचा) आणि सगळ्यांना डावा हात दाखवत फिरलो. आवक-जावकच्या धम्मप्रियाबाई म्हणाल्या, "छान हाय, पण बंद हाय."

बघतो तर खरंच बंद!

संध्याकाळी परत नांदेडला उतरलो तो थेट मलप्पांकडे गेलो. मलप्पा देगलूरकडचे, जुने घडीसाज. डोळ्यात भिंग लावून टपरीत बसतात. स्मार्टवॉचचं नाव काढलं तरी भिंग काढून शिव्या देतात. त्यांच्यासमोर ते घालून जाणं म्हणजे उस्तादापुढे मोबाइलवर गाणं लावणं. म्हणून टपरीच्या अलीकडेच मी स्मार्टवॉच काढून पँटच्या मागच्या खिशात घातलं. जुनं घड्याळ त्यांच्या हातात दिलं.

टिक. टिक. टिक.

"चालू हाय की ओ," मलप्पा म्हणाले.

"आता चालू झालं. मघाशी बंद होतं."

"घेऊन जावा. घडीला काय झालं न्हाई."

मी घेऊन गेलो. घरी आलो, दोन्ही घड्याळं बांधली, चहा प्यायलो, बघतो तर बंद. बुधवारी पुन्हा मलप्पा. चालू. घरी, बंद. गुरुवारी पुन्हा. चालू. आता तर मला लांबून बघूनच मलप्पा हसायला लागले. मी मात्र पेटलो होतो. एवढ्या जिद्दीनं मी दहावीचा अभ्यासही केला नव्हता! शुक्रवारी त्यांनी घड्याळ माझ्याकडून घेऊन तासभर स्वतःच्या हातात घातलं. तासभर चाललं. (लेकीला ठोके दिसेनात म्हणून तिचे दोन फोन आले, ते मी घेतले नाहीत.) त्यांनी भिंग काढलं, माझा हात हातात घेतला, उलटासुलटा केला.

"साहेब, घडी निर्मळ हाय. खोट तुमच्या हातात हाय."

"हातात म्हणजे?"

"काही काही माणसाच्या अंगात करंट ऱ्हातो."

घरी येऊन मी हे अभिमानानं सांगितलं. (आयुष्यात पहिल्यांदाच माझ्यात काहीतरी जास्त निघालं होतं.) आमच्या घरात नजर लागणं, ग्रह फिरणं असलं काही कोणी मानत नाही. त्यामुळे दोष बाहेर ढकलायची सोय नसते, सगळं शास्त्रानंच करावं लागतं. पंचशीलानं घड्याळ स्वतःच्या हातात घातलं आणि भांडी घासली, वह्या तपासल्या, कपडे वाळत घातले. चाललं! माझ्या हातात घातलं, बंद. मग मी रबरी चप्पल घालून बसलो. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलो. मनगटाला पावडर लावली. बंद, बंद, बंद.

शनिवारी रात्री पंचशीला रडकुंडीला आली. "तुमच्या करंटाचं मला काय करायचं? उद्या बाबा येणार. नऊ वर्षं मी त्यांना फसवलं म्हणतील. म्हणतील, लेकीचं समदं बरं हाय हेबी खोटंच सांगत असल."

तिचा तो चेहरा बघून मला खरंच वाईट वाटलं. मी म्हणालो, "तू काळजी करू नको. बंद तर बंद. मी काटे हातानं चालवतो."

रविवारी अकराला मामा आणि लुंबिनी आले. "जयभीम जावईबापू," म्हणत मामांनी आधी माझं मनगटच धरलं. मी जिन्यातच काटे लावून आलो होतो. अकरा वाजून चार मिनिटं. मामांनी भिंतीवर बघितलं. अकरा वाजून चार. म्हाताऱ्याचा चेहरा असा फुलला की मलाही आपण खरंच रोज घालतो असं वाटायला लागलं. जवळच दुसरं घड्याळ बघून ते लुंबिनीला म्हणाले, "अन् हे तुझं व्हय? बरं हाय. दोन्हीला जागा दिली जावयानं."

आणि पुढचे जवळजवळ तीन तास मी काय केलं विचारू नका. दर पाच मिनिटांनी टेबलाखाली हात, चावी ओढ, काटा पुढे, चावी आत. पाणी आणायच्या निमित्तानं एकदा, पंखा वाढवायच्या निमित्तानं एकदा. मामांना चौतीस वर्षांची सवय, तेही दर पाच मिनिटांनी विचारणार.

"किती वाजले जावईबापू?"

"बारा पाच."

"आता?"

"बारा दहा, मामा."

जेवताना एकदा काटा लावायचा राहिला, भिंतीवरचं घड्याळ पाठीमागे, म्हणून चोरून स्मार्टवॉचकडे बघितलं. काच काळी. ते हात उचलल्याशिवाय उजळत नाही. हात उचलला. नाही उजळलं. पुन्हा झटक्यात उचलला. "काय पाहिजे?" मामांनी विचारलं आणि मला आणखी एक भाकरी वाढायला लावली. असं तीन वेळा झालं. तीन भाकऱ्या जास्त झाल्या, वेळ मात्र कळली नाही.

पोट तुडुंब भरलं. वर पंखा. मी सोफ्यावर टेकलो, आणि एवढंच आठवतं.

जाग आली तेव्हा मामा माझा डावा हात मांडीवर घेऊन बसले होते. जुन्या घड्याळात एक वाजून पंचावन्न. भिंतीवर पावणेतीन. लुंबिनी बघत होती. पंचशीला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

"बाबा," ती म्हणाली, "मी खोटं बोलले. नऊ वर्षं बंद होती घडी. त्यांनी आठवडाभर लई खटपट केली, मलप्पा घडीसाजाकडं रोज नेली, पण चालंना."

मामांनी दोन्ही घड्याळांकडे आळीपाळीनं बघितलं. मग त्यांनी माझ्या हातातलं स्मार्टवॉच टप्पकन सोडवलं आणि लांब ठेवलं. जुन्या घड्याळाचा काटा एकदा थरथरला. टिक. टिक. टिक.

"ह्या पट्ट्यात चुंबक हाय," मामा म्हणाले. "केबिनमध्ये माझी घडी अशीच बंद पडायची. गाड्या पुकारायच्या भोंग्यावर ठेवायचो ना, त्याच्यात बी चुंबक. चुंबकाजवळ ठेवली की काटा अडतो, लांब केली की चालतो. मलप्पाला दोन्ही घड्या दाखवल्या असत्या तर एका मिनिटात कळलं असतं."

मी मलप्पांचा मान राखायला स्मार्टवॉच खिशात घालत होतो, हे सांगायची माझी हिंमत झाली नाही. पंचशीलाला मात्र राहवलं नाही. "बाबा, तुम्हाला राग न्हाई आला?"

"कशाचा? फोनवर 'रोज घालतात' म्हणताना तुझा आवाज बदलतो. नऊ वर्षं ऐकून राहिलो मी. तुझं 'मी बरी हाय' म्हणणं बदलत न्हाई. मला तेवढंच पाहिजे होतं."

पंचशीला हसली आणि रडली, दोन्ही एकदम. एवढ्यात मामांनी माझ्या हातातलं जुनं घड्याळ सोडलं आणि लुंबिनीच्या मनगटावर बांधलं. "नवीन कशाला? हीच घे. तुझ्या बापानं आठवडाभर जीव लावलाय हिला."

मी म्हणालो, "बरोबर आहे मामा." आणि स्मार्टवॉच घ्यायला हात पुढे केला. ते मामांच्या हातात होतं. मामा उठून हॉलमध्ये फेऱ्या मारत होते.

"लुंबिनी, एकशे चाळीस पावलं दाखवून राहिलं गं! अन् हे काय, ठोके? हे मलाच राहू दे. रेणापुरात कोणाकडं न्हाई."

"घ्या ना नाना," लेक म्हणाली. "पप्पांना कशाला? ते चालतात कुठं?"

तर असा मी दोन्ही मनगटं मोकळी घेऊन बसलो. मामा मुक्कामाला राहिले. सोमवारी सकाळी साडेआठ वाजताच त्यांनी मला डबा हातात देऊन दारात उभं केलं. "मुदखेडची गाडी सुटायला लागली, चला, चला!" मी पळत सुटलो आणि बरोबर पावणेदहाला कचेरीत पाय ठेवला.

साहेबांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मग स्वतःच्या मनगटाकडे बघितलं. घड्याळ सोडून कानाला लावलं, दोनदा हलवलं आणि शिपायाला म्हणाले, "शिवप्पा, याचा सेल गेलाय बहुतेक. बदलून आण."