आधी जुलाब, मग टॉनिक

साळवे मास्तरांनी स्वतःची बीपीची गोळी कधी वेळेवर घेतली नाही. गाडीचं औषध मात्र त्यांनी कधी चुकवलं नाही. रविवारची उपासना आटोपली, की चर्चचे कपडेसुद्धा न बदलता हे बॉनेट उघडून उभे. नेवाशातली आमची गल्ली तेव्हा जेवायच्या तयारीत असते आणि घराघरांतल्या मटणाच्या वासात इंजिन ऑइलचा वास मिसळतो. बोलायची सोय नाही. शेजारी पडले ना!

गाडी खरं तर मास्तरांची नव्हे, त्यांच्या बायकोची. रूथ सिस्टर नर्स होत्या. कुठल्या वस्तीवर बाई अडली, की त्या गाडी काढायच्या आणि मास्तर डावीकडच्या सीटवर, मांडीवर पाण्याची बाटली घेऊन बसायचे. मास्तरांना गाडी चालवता येत नाही. फार तर किल्ली फिरवता येते. सिस्टर गेल्या तेव्हापासून गाडी दारातच उभी आहे, आणि पुण्याचा मुलगा म्हणतो, विकून टाका.

"विकू की," मास्तर म्हणतात. "पण आधी तिचा आवाज नीट होऊ दे. सिस्टरच्या हातात कशी घुमायची! आता नुसती खडखडते. आजारी गाडी दुसऱ्याच्या गळ्यात कशी मारायची?"

त्या आवाजासाठी सगळा दवाखाना. उपचारांचा क्रम ठरलेला: "आधी जुलाब, मग टॉनिक." जुलाब म्हणजे इंजिन फ्लश. तो जुन्या तेलात ओतायचा, इंजिन थोडा वेळ चालू ठेवायचं आणि मग आतल्या मळासकट सगळं तेल खाली सोडून द्यायचं. टॉनिक म्हणजे नव्या तेलात घालायची बाटली. पेट्रोलच्या टाकीत ओततात ते 'सर्दीचं'. जागची न हलणाऱ्या गाडीचं तेल इतक्या वेळा बदलणारा माणूस उभ्या तालुक्यात दुसरा नसेल.

गल्लीच्या तोंडाशी रफिकचं गॅरेज आहे. तो एकदा वैतागला.

"मास्तर, बास करा आता. गाडी कुठं जात न्हाई, येत न्हाई, तिला मळ यायचा कुठनं? जुनं इंजिन हाय. लई खरवडलं तर तेल गळाया लागंल."

"तू आवाज ऐक."

"ऐकला की. बरा हाय."

"तुला नाही कळायचं. तू कधी तिच्या गाडीत बसला होतास का?"

रफिकनं माझ्याकडे बघून हात जोडले आणि तो गेला.

गेल्या रविवारी ऊन मी म्हणत होतं. इंजिन चालू, मास्तरांच्या डोक्यावर रुमाल आणि कान बॉनेटमध्ये. मला रागही आला आणि भीतीही वाटली. म्हातारा चक्कर येऊन पडायचा. मी दंडाला धरून त्यांना गाडीत बसवलं. सवयीनं ते डावीकडेच बसले. मी दार लावलं आणि इंजिन बंद करायला पलीकडून आत शिरलो, तर त्यांनी माझा हात धरला.

"थांब."

डोळे मिटून ते ऐकत राहिले.

"हाच," ते म्हणाले. "अरे, हाच तो! मी खुळ्यासारखा बाहेर उभा राहून ऐकत होतो. बाहेरून मी हिचा आवाज कधी ऐकलाच नव्हता रे. मी कायम तिच्या शेजारी असायचो."

मला हायसं वाटलं. "चला, सुटलात मास्तर!" मी म्हणालो. "गाडी ठणठणीत आहे. औषधं बंद."

मास्तर हसले नाहीत. समोरच्या काचेतून रिकाम्या गल्लीकडे बघत राहिले. माझा हात त्यांनी अजून सोडला नव्हता.

"म्हणजे आता विकावी लागणार," ते म्हणाले.

इंजिन एकसुरात घुमत होतं. इतकं सुरेख, की मलाही ते ऐकू येत होतं.

"नाही हो," मी म्हणालो. "थोडी खडखड आहे बघा अजून."

"आहे ना?" त्यांनी घाईघाईनं विचारलं, आणि टॉनिकची बाटली आणायला दार उघडलं.