कडेने खाणारे

दुसऱ्याची जमीन एकदम घेतली तर ती चोरी आणि थोडी थोडी घेतली तर ती वहिवाट, हे सर्व सुसंस्कृत समाजांना मान्य असलेले तत्त्व आहे. चीनमध्ये हळूहळू दुसऱ्याच्या हद्दीत शिरण्याला ‘त्सान्शी’ म्हणतात. म्हणजे रेशीमअळीसारखे खाणे. अळी पानाच्या मधोमध तोंड घालत नाही. ती कडेपासून सुरुवात करते, आणि पानाला शेवटपर्यंत वाटत राहते की गेली ती फक्त कड.

हूचौकडच्या एका गावातल्या मो सूझनबाईंना हा शब्द कोशात पाहावा लागला नाही. त्यांच्या शेजारी शांग दाफू राहत होता.

अळ्या वाढवायच्या महिन्यात तिथे सगळ्यांची दारे बंद असतात. कोणी कोणाकडे जायचे नाही, मोठ्याने बोलायचे नाही, भांडायचे तर मुळीच नाही, अळ्या बिथरतात. (ही प्रथा शांग सर्वांत निष्ठेने पाळी. दोघांच्या मळ्यांमधल्या बांधावरची त्याची सगळी कामे याच महिन्यात निघत.) पहिल्या वर्षी बांधावर बांबूचे स्टूल आले, दमल्यावर टेकायला. दुसऱ्या वर्षी स्टुलाला सावली हवी म्हणून भोपळ्याचा मांडव. मग मांडवाला कुंपण. कुंपणाला पुढे सरकायची सवय लागली. यंदा सूझनबाईंच्या तुतीच्या तीन ओळी त्याच्या आत होत्या.

आणि यंदाच पाने संपली. कोष विणायला चार दिवस उरलेल्या अळ्या रिकाम्या सुपांत माना वर करून बसल्या. आता उपास घडला की वर्षाचे रेशीम गेले. सूझनबाई उठल्या आणि त्यांनी शांगचे दार वाजवले.

“वहिनी!” तो कुजबुजला. “दारं बंद असताना? शोभतं का या वयात?”

“माझी तुती दे, मेल्या.”

“हळू बोला. अळ्या ऐकतात.”

“ऐकू देत की! तुझ्याच गोतातल्या आहेत.”

गाव समितीची तातडीची बैठक कुजबुजत पार पडली. दारे बंद असल्यामुळे कुंपण सरकताना सातांपैकी एकाही सभासदाने पाहिले नव्हते. दार वाजलेले मात्र सातही जणांनी ऐकले होते. सबब असे ठरले, की कुंपण कोणत्याही एका वर्षी दोन हातांहून जास्त सरकले नसल्याने अतिक्रमण झालेले नाही. प्रथाभंग मात्र झाला आहे.

शांग उदार निघाला. त्याच तीन ओळींची पाने तोडून त्याने चार टोपल्या सूझनबाईंच्या दारात ठेवल्या. समितीने त्याच्या आभाराचा ठराव मांडला. सूझनबाईंनी त्यावर सही केली, कारण अळ्या वाट पाहत होत्या. कोष उत्तम झाले.

टोपल्या आल्याचे वाचून ‘चला, मिटले एकदाचे, माणूस तसा चांगला आहे’ असे ज्या वाचकाला वाटले, त्याने उठून आपले कुंपण मोजावे. ते बहुधा आत आलेले असेल. बाहेर गेलेले आढळले, तर समितीला आठवा सभासद हवाच आहे.