ब्रेक उशिरा लागतात

मोटरहोमचे ब्रेक खराब निघाले, तर पोस्टमास्तरांचा फायदाच फायदा होता. घराच्या फाटकाचा खांब गाडीने पाडला, असं ठरलं असतं. ब्रेक धड निघाले, तर तो पोस्टमास्तरांनी पाडला. मग मुलगी गाडी विकायला मोकळी. मागे दोन बिछाने, शेगडी आणि बेसिन असलेली ती जुनी गाडी त्यांनी निवृत्त झाल्यावर हौसेने घेतली होती. बायको गेल्यापासून त्यांना घरात झोप येत नसे. यायची ती गाडीतल्या बिछान्यावरच.

"ब्रेक उशिरा लागतात," त्यांनी मिस्त्रीला सांगितलं. "पूर्वी असं नव्हतं."

"वय झालंय, काका."

"गाडीचं ना?" मुलीने विचारलं.

मिस्त्रीने चाकं काढली. पॅड झिजून गुळगुळीत झाले होते, एक पिन गंजून अडकली होती. एकेक दोष ऐकताना पोस्टमास्तर असे खुलत होते, की नातवाचा निकाल ऐकतायत असं वाटावं. नवे पॅड बसले, तेल बदललं, नळ्यांतली हवा काढली. पोस्टमास्तरांनी गाडी घरी नेली आणि शेजाऱ्यांच्या कुंड्यांची अख्खी रांग झोपवली.

"हवा राहिली असेल थोडी," ते आशेने म्हणाले.

मिस्त्रीने नळ्याच बदलल्या. या खेपेला गॅरेजची पाटी गेली. पाटी स्वतःची असल्यामुळे मिस्त्रीने प्रकरण मनावर घेतलं. त्याने स्वतः चक्कर मारली. तो म्हणेल तिथे गाडी थांबत होती. पोस्टमास्तरांचा चेहरा उतरला.

"आता तुम्ही चालवा. ताई, तुम्ही पुढे बसा. मी मागे बसतो."

चौकात ट्रक उभा होता. मुलगी लांबूनच घाबरून म्हणाली, "बाबा, ब्रेक." गाडी अलगद थांबली. पुढच्या वळणावर मिस्त्रीने तिला खुणेनेच गप्प बसवलं, आणि शेवटी मागून झेपावून हँडब्रेक त्यालाच ओढावा लागला.

"काका," श्वास जागेवर आल्यावर त्याने विचारलं, "ताईंच्या जागी आधी कोण बसायचं?"

"ही बसायची. सारखं आपलं अहो ब्रेक, अहो ब्रेक. वैताग आणला होता नुसता."

"आणि मग तुम्ही दाबायचा."

"न दाबून जातो कुठे? संध्याकाळपर्यंत ऐकवलं असतं."

मिस्त्री स्वच्छ हात उगाच फडक्याला पुसत राहिला. पोस्टमास्तरांनी किल्ली काढली आणि मुलीच्या हातात ठेवली.

"ब्रेक चांगले आहेत," ते म्हणाले.

रविवारी गिऱ्हाईक आलं. तो चालवायला बसला, मुलगी मागे, आणि रस्ता दाखवायला पोस्टमास्तर शेजारच्या सीटवर. वळण बरंच लांब होतं, तेवढ्यात ते म्हणाले, "अहो, ब्रेक."

पुढे सायकलवाला दिसला. "अहो, ब्रेक."

"दाबतोय ना, आजोबा."

मुलगी खिडकीबाहेर बघायला लागली.

गिऱ्हाईक उतरलं ते मान हलवतच. "मालकांचाच ब्रेकवर भरवसा दिसत नाही," तो म्हणाला, आणि ठरल्या किमतीतून चांगली घसघशीत रक्कम कापली. नवे पॅड, नव्या नळ्या हे सगळं सांगायला मुलगी पुढे झाली, तर पोस्टमास्तरांनी तिला हातानेच थांबवलं. खांब, कुंड्या आणि पाटी यांचा मिळून झाला नव्हता, एवढा तो फटका होता. त्यांनी तो मुकाट सोसला.