आनंद अपुरा, पुन्हा प्रयत्न करा

यंदाची राष्ट्रीय उन्हाळी सुट्टी मे महिन्याच्या तिसऱ्या मंगळवारी राहील, असे राष्ट्रीय विसावा मंडळाचे परिपत्रक आले. सावरडोहच्या अंगणवाडी सेविका पुष्पा मेश्राम यांनी त्याचा पहिला परिच्छेद वाचला आणि लगेच नेरला आईला फोन लावला. ही त्यांची चूक झाली. परिपत्रक शेवटाकडून वाचायचे असते, हे बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांना कळायला हवे होते.

"माय, मंगळवारी येतो मी. मुक्कामाले."

"खरंच येतं काय वं?" पलीकडून सुखीबाई म्हणाल्या. "दिवाळीलेबी असंच म्हणे तू. माह्या डोळ्याचं आता काई खरं नाई, पुष्पे. तुहं तोंड दिसते तवर येऊन जाय. गवती चहा मस्त फुटला बादलीत. दोन कप मांडून ठेवतो."

फोन ठेवून पुष्पाबाईंनी उरलेले परिपत्रक वाचले. सुट्टीच्या दिवशी नागरिक नुसते पडून राहतात, त्यामुळे विसाव्याचा दर्जा खालावतो, असे मंडळाच्या निदर्शनास आले होते. सबब प्रत्येक कुटुंबाने त्या दिवशी किमान तीन वेगवेगळ्या चहांचा (साठीवरच्या एकट्या नागरिकाने एकाचा) आस्वाद घ्यावा, हसऱ्या चेहऱ्याने फोटो काढावा आणि तो सायंकाळी पाचच्या आत, म्हणजे सुट्टी संपण्यापूर्वी, 'चहानंद' या ॲपवर चढवावा. मे महिन्यात सावरडोहच्या बाजूला, घाटंजीकडे, पारा पंचेचाळीसला टेकतो, ही बाब मंडळाच्या विचाराधीन होती. कलम नऊ असे होते: घरोघरी जाऊन हे काम अंगणवाडी सेविकेने करावे, कारण सदर दिवशी सुट्टी असल्याने ती पूर्णवेळ उपलब्ध राहील. आणि कलम दहा: गावाचा आनंद शंभर टक्के न भरल्यास संबंधित सेविकेची सुट्टी रद्द समजण्यात येईल.

पुष्पाबाईंनी पर्यवेक्षिका निकिता मॅडमना विचारून पाहिले.

"मॅडम, सुट्टी तं मलेबी हाय ना?"

"आहे ना! म्हणून तर तुमचं नाव टाकलं. एरवी तुम्हाला वेळ कुठे असतो, पुष्पाताई?"

"मंग मी सुट्टी घेऊ कवा?"

"काम संपलं की. उरलेला दिवस सगळा तुमचाच."

मॅडमचा स्वर प्रेमळ होता. त्यांनी चहाच्या नमुन्यांचा एक डबाही पाठवला. त्यात हिरवा, पांढरा, जास्वंदीचा आणि निळ्या गोकर्णाचा अशी पाकिटे होती. प्रत्येकावर शिक्का होता: 'नमुना. उकळू नये. परत करावा.'

मंगळवारी सकाळी सहालाच पुष्पाबाई निघाल्या. गावात घरे एकेचाळीस. अडीचची एसटी मिळाली तर यवतमाळवरून अंधार पडायच्या आत नेर गाठता येत होते. साडीची पिशवी त्यांनी भरून दाराशीच ठेवली होती.

पहिले घर माजी सरपंच बबनरावांचे. त्यांनी डबा उघडून एकेक पाकीट हुंगले आणि परत ठेवले.

"हे कायले पाह्यजे? आमच्या गावात चहाचे प्रकार कमी हायेत काय? पोरगी पाह्याले पाव्हणे येते, तो चहा वेगळा. त्यात दूध जास्त अन् पोरीची नजर कपातच राह्यते. तलाठ्याचा वेगळा, त्यात साखर आपलीच पण काम त्याच्या मर्जीचं. व्याह्याचा वेगळा. मजुरायचा वावरातला वेगळा. लिव."

पुष्पाबाईंनी लिहिले. ॲपनेही कुरकुर न करता घेतले. प्रकाराच्या रकान्यात काय लिहावे याबद्दल मंडळाने काहीच म्हटले नव्हते, आणि पातेले एकच असले तरी फोटोत कप वेगवेगळे दिसत होते. बबनरावांच्या घराचा आनंद सात मिनिटांत पूर्ण झाला.

अडचण निराळीच निघाली. चहा मांडलेल्या घरातून बाई नुसता फोटो काढून उठते, हे सावरडोहमध्ये कोणालाच पटेना. नको म्हटले की घरधनीण तोंड पाडायची. "त्यायच्या घरी पेली, अन् आमचा चहा तुले चालत नाई काय?" हा सवाल बावीस वर्षे त्याच गावात काढलेल्या बाईला परवडणारा नसतो. पुष्पाबाई प्रत्येक घरी बशीभर पिऊ लागल्या. नवव्या घरी त्यांच्या छातीत जळजळू लागले. विसाव्या घरी नुसता कपबशीचा आवाज आला तरी त्या पदर तोंडाला लावू लागल्या. राष्ट्र विसावा घेत होते आणि पुष्पाबाई डोक्यावर पदर घेऊन उन्हातून पुढच्या घराकडे जात होत्या.

दोन वाजता चाळीस घरे झाली. एकच राहिले, मथुराबाईंचे. त्यांचे यजमान देवराव जाऊन चारच दिवस झाले होते. त्या घरी चूल पेटत नव्हती. शेजारणी पाळीपाळीने बिनदुधाचा काळा चहा आणून देत होत्या.

पुष्पाबाई उंबऱ्याशीच थबकल्या. मंडळाला त्यांनी तिथूनच फोन लावला. मयताच्या घराला सूट आहे का?

"दुःखासाठी वेगळा रकाना नाही, मॅडम," पलीकडचा माणूस अदबीने म्हणाला. "ते घर बंद होतं असं टाकता येईल. पण मग आनंद सत्त्याण्णव टक्के होईल, आणि कलम दहा तुम्हाला माहीतच आहे."

मथुराबाईंनी आतून सगळे ऐकले होते.

"ये वं पुष्पे, आत ये. काढ फोटो."

काळ्या चहाचा कप हातात धरून त्या बसल्या. पुष्पाबाईंनी फोटो काढला. ॲपवर लाल अक्षरे उमटली: 'आनंद अपुरा. पुन्हा प्रयत्न करा.'

"काय म्हणते तो?"

"हास म्हणते, मावशी," पुष्पाबाई कशाबशा म्हणाल्या. त्यांना मेल्याहून मेल्यासारखे झाले. "राहू द्या. मी जातो."

"काहून जातं? तुही माय वाट पाहून राह्यली ना नेरले? पोरीची वाट पाह्यनं काय असते, मले ठाव हाय. मी हासतो. तू काढ."

आणि मथुराबाई हसल्या. ॲपला ते पाचव्या खेपेला पुरेसे वाटले. तोवर तीन वाजले होते आणि अडीचची एसटी गेली होती.

तरी गाव शंभर टक्के झाले नव्हते. ॲप सत्त्याण्णववर अडून बसले होते. पुष्पाबाईंनी यादी उघडली, तेव्हा एकच नाव लाल दिसले, जे त्यांनी घरे मोजताना धरलेच नव्हते: मेश्राम पुष्पा, आनंद प्रलंबित. त्या घरी आल्या आणि दाराशी ठेवलेली पिशवी ओलांडून चुलीपाशी गेल्या. चाळीस बशा पोटात घेऊन त्यांनी स्वतःसाठी तीन कप मांडले, मोबाइल डब्याला टेकवून ठेवला आणि ॲपला पटेपर्यंत मथुराबाईंसारख्याच हसत राहिल्या. चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी सावरडोहचा आनंद पूर्ण झाला. पुष्पाबाईंची सुट्टी वाचली. ती संपायला आता दोन मिनिटे होती.

तेवढ्यात सुखीबाईंचाच फोन आला.

"माय, चुकली गाडी माही," पुष्पाबाई म्हणाल्या.

"समजलं मले. इकडेबी आलती एक पोरगी, तुह्यासारखीच. पायल म्हणे नाव. उन्हानं लालभडक झालती बिचारी. मी दोन कप मांडले होते ना, तुह्यावालाबी. ते पाहून लय खूश झाली. मोबाइलनं म्हणे लिवून घेतलं, माणूस एक, कप दोन, आनंद दुप्पट." मग सुखीबाईंनी आवाज खाली आणला. "तुह्यावाला मी पेली नाई वं. झाकून ठेवला."

त्या वर्षी देशाचा आनंद ठरल्यापेक्षा जास्त भरला. मंडळाने सर्वांचे आभार मानले आणि ॲपवर प्रत्येक नागरिकाला अभिप्रायाचा एक लहानसा फॉर्म पाठवला. त्यातला शेवटचा प्रश्न होता: 'आपला चहा नोंदवायला आलेल्या ताईंची त्या दिवशी सुट्टी होती का?' तो सक्तीचा नव्हता. मंडळाच्या अहवालात त्या रकान्याखाली 'उत्तरे: निरंक' असे छापले आहे.

तुमच्याही मोबाइलवर तो फॉर्म आला होता. तेव्हा तुमच्या हातात कप होता, आणि तुम्ही 'पुढे' दाबलेत.